सगळ्यांना सगळं पाठ

आमचं नाट्यगृह पुन्हा उभं राहिलं याचा मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण होईपर्यंत मी इतकी दमून गेलेले की आनंद करायला अंगात त्राण उरलं नव्हतं. जुनं पाडलं तेव्हा लवकरच नवं होईल असं सगळे म्हणत होते. मग परवानग्या अडकल्या, मग साथीचा रोग आला, मग कंत्राटदार अर्धी स्लॅब टाकून गायब झाला, आणि दुसरा आला त्याचा निम्मा वेळ पहिल्याच्या नावाने बोटं मोडण्यात गेला. या सगळ्या काळात आमच्या नाट्यमंडळाच्या मीटिंगा चालूच होत्या. मी प्रत्येक मीटिंगला जायचे, कारण समितीत बायकांपैकी कोणीतरी हवं होतं आणि बाकीच्या बायका माझ्यापेक्षा शहाण्या निघाल्या. चहा, वेफर्स आणि तेच तेच बोलणं. घरी येऊन चपला काढता काढता मी म्हणायचे, आता बास, पुढच्या वेळी नाही जायची. पुढच्या वेळी परत जायचे.

खरं कारण समिती नव्हतंच. खरं कारण माझी मोठी जाऊ. तिला त्या नव्या रंगमंचावर एकदा काम करायचं होतं, आणि तोवर तिचं डोकं जागेवर राहील की नाही याची मला धास्ती होती.

तिला सगळं मंडळ वहिनी म्हणतं, मीही वहिनीच म्हणते. तिचे यजमान म्हणजे माझे मोठे दीर, आमचे दादा. दिवसभर अंबरनाथच्या कारखान्यात आणि उरलेला वेळ नाटकात. मंडळ त्यांनी काढलं, नाटकं तेच लिहायचे आणि बसवायचेही तेच. तेव्हा डोंबिवलीत स्टेशनापासून पूर्वेला जरा लांब गेलं की भातशेती लागायची. तिथल्या एका जुन्या आगरी घरातल्या म्हाताऱ्याने दादांची एक-दोन नाटकं शाळेच्या पटांगणात पाहिली आणि आपल्या गोठ्याला लागून असलेली जागा मंडळाला देऊन टाकली. कागदपत्रं मागाहून झाली, पत्रे आधी चढले.

नाट्यगृह म्हणजे काय, तर ती पत्र्याची शेड. पुढे घडीच्या लाकडी खुर्च्या, मागे फळ्यांचा रंगमंच, आणि कपडे बदलायला त्या म्हाताऱ्याच्या घरातली पडवी. उजव्या बाजूला गोठ्याची भिंत थेट रंगमंचाला टेकलेली, त्यामुळे उजवीकडे विंगच नव्हती. आमच्या नाटकात सून सासरी आली तरी डावीकडून यायची आणि सासू स्वयंपाकघरातून आली तरी डावीकडूनच. दादांनी लिहिलेल्या सगळ्या नाटकांतल्या घरांना म्हणून एकच दार असायचं. ऐन गंभीर प्रवेशात भिंतीपलीकडून म्हैस ओरडली की नवे प्रेक्षक हसायचे. जुन्यांना ती ऐकूच यायची नाही.

दादांचा एक नियम होता, त्यापायी नवीन येणाऱ्यांच्या नाकी नऊ यायचे. सगळ्यांना सगळं पाठ हवं. नुसतं आपलं काम नव्हे, सबंध नाटक. आमच्यातलं कोणी शिफ्टला, कोणी मुंबईला ऑफिस करून येणारं. कोणाचा ओव्हरटाइम निघायचा, कोणी लोकल रखडून दिवा स्टेशनात अडकून पडायचं, कोणाच्या पोराला ताप यायचा. वाट बघत बसलो तर प्रेक्षक घरी जातील, असं दादांचं म्हणणं. त्यामुळे तिसरी घंटा होईपर्यंत कोण काय करणार हे पक्कं नसायचं. जो हजर, तो उभा. एकदा सासऱ्याचं काम करणारे गृहस्थ आलेच नाहीत, तर आमच्या लाइटवाल्याने सासरा केला. ते गृहस्थ मध्यंतरात धापा टाकत पोचले आणि पुढचा अंक त्यांनी लाइट सांभाळले. निम्म्या प्रेक्षकांना पत्ता लागला नाही, उरलेल्यांनी मनावर घेतलं नाही.

सगळ्यात जास्त प्रयोग झाले ते सासू-सुनेच्या नाटकाचे. त्याचा पहिला अंक मी आजही झोपेत म्हणून दाखवेन. नवी सून माप ओलांडून घरात येते. नवरा बाहेर रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून हुज्जत घालत राहिलेला असतो. हे दादांनी मुद्दाम लिहिलेलं, कारण नवऱ्याचं काम करणारा हटकून उशिरा यायचा. सून इकडे तिकडे बघते आणि म्हणते, "आई, घर मोठं आहे. कुठे काय असतं ते मला दाखवाल ना?" सासू म्हणते, "दाखवेन हो. आधी बस, पाणी पी. घर कुठे पळून जात नाही." एवढ्यात शेजारीण येते वाटी घेऊन. साखर हे निमित्त, खरं तर तिला नवी सून बघायची असते. वहिनी तरुणपणी सून करायची, केस पिकल्यावर सासू करायला लागली. मी बहुतेक वेळा शेजारीण. खोटं कशाला बोलू, मला त्याचं वाईट वाटायचं. पण शेजारणीला हशे जास्त पडायचे, म्हणून निभून जायचं.

दादा गेले, मग माझे यजमान गेले. वहिनीचा मुलगा परदेशात, माझी मुलगी सासरी. दोन बायकांना दोन घरं हवीत कशाला, म्हणून मी माझं घर भाड्याने दिलं आणि वहिनीकडे राहायला आले. आधी बरं चाललेलं. मग ती दळणाचा डबा गिरणीत ठेवून कोथिंबीर घेऊन परत आली. म्हटलं, होतं असं कोणाचंही. पण एका दुपारी ती आमच्याच पॅसेजमध्ये उभी राहून मला विचारायला लागली, "अहो, बाथरूम कुठल्या बाजूला हो?" मला जन्मभर अगं म्हणत आलेली बाई मला अहो म्हणाली. मी बाथरूम दाखवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे वाढतच जाणार हेही सांगून टाकलं. तेव्हापासून मला सलग झोप नाही. ती मधेच डुलकी काढते आणि मधेच उठून घरभर फिरते. दोनदा जिन्यापर्यंत गेली, म्हणून मी दाराला आतून कुलूप लावायला लागले आणि किल्ली कमरेला खोचून ठेवायला लागले. मला तिचा राग यायचा. मग तिच्यावर रागावल्याबद्दल स्वतःचा राग यायचा. सबंध दिवस हेच करून मी संध्याकाळी इतकी शिणायचे की कुकर लावायचासुद्धा कंटाळा. मुलगी फोनवर म्हणायची, एखादी बाई ठेव. ठेवून बघितली की. वहिनीने तिला घरात येऊच दिलं नाही, परकी बाई कपाट उघडते म्हणून कॉलनी गोळा केली.

नाटक मात्र तिच्या डोक्यात शाबूत होतं. भांडी घासता घासता मी मुद्दाम एखादं वाक्य टाकायचे, तर बाहेरच्या खोलीतून पुढचं वाक्य बिनचूक यायचं. कधी सासूचं, कधी सासऱ्याचं, कधी माझ्याच शेजारणीचं. सकाळी काय खाल्लं ते तिला सांगता यायचं नाही. नाटकातला एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही.

इमारत एकदाची झाली. तळाला दुकानं, पहिल्या मजल्यावर लग्नाचा हॉल, दुसऱ्यावर नाट्यगृह, त्याच्या वर जिम. खर्च भागवायचा तर असंच करावं लागतं, हे मला पटतं. पटलं म्हणून आवडायलाच पाहिजे असं काही नाही. पुढचे बेत मीटिंगमध्ये वाचून दाखवले गेले. शनिवार-रविवार बाहेरच्या व्यावसायिक नाटकांना भाड्याने, सुट्टीत मुलांसाठी अभिनयाचे वर्ग, अधूनमधून कंपन्यांचे कार्यक्रम. मंडळाच्या वाट्याला आठवड्यातले मधले दिवस, तेही रिकामे असले तर. आपल्याच घरात आपण पाहुणे, असं मी बाजूच्या बाईच्या कानात पुटपुटले. ती म्हणाली, एसी तरी आहे ना.

वहिनीला घरी एकटी ठेवता येत नसल्यामुळे मी तिला त्या मीटिंगला घेऊन गेलेले. उद्घाटनाचा विषय निघाला. दादांची आठवण म्हणून वहिनींचा सत्कार करायचा, त्यांना पुढच्या रांगेत मानाने बसवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, असं सगळ्यांचं ठरत होतं. वहिनी तोवर खाली मान घालून वेफर्स खात होती. तिने हात रुमालाला पुसले.

"मला शाल नको," ती म्हणाली. "शाली कपाटात ढीगभर पडल्यात. मला काम द्या."

आमचे अध्यक्ष म्हणजे जागा देणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा मुलगा. आता त्याच्या स्वतःच्या चार इमारती आहेत, पण लहानपणी गोठ्याच्या भिंतीवर चढून त्याने आमच्या सगळ्या तालमी पाहिलेल्या. तो खुर्चीतून उठला.

"माझे बापानं जागा दिलेली ती नाटकासाठी, शालीसाठी नाय. वयनींना काम पायजे ना, मग काम द्या."

झालं. उद्घाटनाला सासू-सुनेच्या नाटकाचा पहिला अंक करायचा, वहिनी सासू, मी शेजारीण. टाळ्या पडल्या. वहिनीचं काय चाललंय ते मी मंडळात कोणालाच सांगितलं नव्हतं. हातवाऱ्यांनी, हसून, मधेच उत्तर देऊन मी वेळ मारून नेत आले होते. सांगितलं असतं तर त्यांनी तिला खुर्चीत बसवलं असतं, आणि त्यांचं चुकलंही नसतं. पण तिने इतक्या महिन्यांत स्वतःहून मागितलेली ती एकच गोष्ट होती. चारचौघांत तिचं हसं झालं तर ते बघायला मीच तिथे असणार, एवढं मला कळत होतं, आणि तरी मी गप्प राहिले.

दिग्दर्शक कोपरीचा, तरुण, वागायला चांगला. सुनेच्या कामाला दिव्याला राहणारी एक मुलगी मिळाली, तिशीच्या आतबाहेरची, ठाण्याला कुठल्याशा ऑफिसात शिफ्टमध्ये काम करणारी. हॉल मिळेपर्यंत तालमी आमच्याच घरी ठरल्या, कारण वहिनीला तेच सोयीचं. पहिल्याच दिवशी मी मुलांना दादांचा नियम सांगितला. दिग्दर्शक हसून म्हणाला, काकू, आता तशी गरज पडत नाही, सगळे वेळेवर असतात. दिव्याची मुलगी म्हणाली, माझंच मला पाठ होईना, तुमचं कुठून करू? सगळे फोनमध्ये बघून आपापली वाक्यं म्हणायचे, आपलं झालं की दुसऱ्याचं चालू असताना त्याच फोनवर खेळत बसायचे. मी दोनदा टोकलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं. कोणाकोणाच्या मागे लागायचं?

ती मुलगी मात्र तालीम संपली तरी रेंगाळायची. तिच्या सोसायटीत पाण्याची बोंब, म्हणून जाताना आमच्याकडून बाटल्या भरून न्यायची. बाटल्या भरेपर्यंत वहिनीशेजारी बसायची आणि वहिनी तिला सबंध अंक म्हणून दाखवायची. मुलीच्या लक्षात सगळं आलेलं असणार. तिने मला कधी विचारलं नाही.

नव्या नाट्यगृहात दोन्हीकडे विंगा. त्याचा दिग्दर्शकाला फार आनंद. सून बाहेरून म्हणजे डावीकडून येणार, सासू स्वयंपाकघरातून म्हणजे उजवीकडून. घरच्या तालमीत वहिनीने ते एकदाही चुकवलं नाही, कारण आमच्या घरात स्वयंपाकघर उजवीकडेच आहे. प्रत्यक्ष रंगमंचावर तालीम एकदाच मिळाली. लाइट बसवायचं काम चालू होतं, माणसं शिडीवर होती. मी वहिनीचा हात धरून तिला उजव्या विंगेत उभी केली, हलकेच पुढे ढकललं, ती गेली, बोलली, परत आली. मला जरा हायसं वाटलं.

उद्घाटनाचा प्रयोग रविवारी दुपारी. जुने सगळे आलेले. काहींना लिफ्टमधून उतरल्यावर आपण कुठे आलो तेच कळेना. नारळ फुटला, भाषणं झाली, ती लांबली. मी आणि वहिनी उजव्या विंगेत उभ्या. तिच्या अंगावर सासूचं हिरवं लुगडं, नाकात नथ. माझ्या हातात शेजारणीची वाटी. तिसरी घंटा झाली आणि तेवढ्यात माइकवाला आला. माझा माइक पदराखाली गेलाय, आवाज येणार नाही म्हणाला. मी मान वळवून पदर सारखा केला, त्याने चिमटा लावला. परत वळले तर शेजारी वहिनी नाही.

लिफ्ट आठवली, जिना आठवला, खालचा रस्ता आठवला. वाटी टाकून पळणार तोच पडदा उघडला आणि समोर, पार डाव्या टोकाला, वहिनी उभी होती.

मागच्या पडद्याआडून चालत ती पलीकडे गेलेली. जन्मभर जिथून आत आली तिथूनच तिला यायचं होतं. दिव्याची मुलगी मुंडावळ्या बांधून तिथे तयार उभी होती, तिच्या बाजूने वहिनी सरळ पुढे झाली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. वहिनीने ते पाहिलं, लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि उजव्या पायाने माप लवंडलं. तांदूळ सगळीकडे पसरले. पांढऱ्या केसांची नवरी पुढे आली, थांबली आणि त्या नव्या, झगझगीत, भिंत नसलेल्या रंगमंचाकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "घर मोठं आहे. कुठे काय असतं ते मला दाखवाल ना?"

ती सासूची वाक्यं विसरली, असं मी म्हणणार नाही. डावीकडून आत आलं, पुढ्यात माप दिसलं, तर तिच्या तोंडी सुनेचंच वाक्य यायचं. पण आता सून तिथे होती आणि सासूच नव्हती. पहिल्या रांगेत अध्यक्ष खुर्चीच्या कडेवर आलेले. दिग्दर्शक समोरच्या विंगेतून हात हलवून पडदा पाडायची खूण करत होता. वहिनी माझ्या बाजूला बघत वाक्याची वाट बघत उभी होती.

मी उजवीकडून आत गेले. सासू करायची म्हणून नाही, तिला एकटीला तिथे उभी बघवेना म्हणून. जवळ गेले, तिचा हात धरला आणि तोंडातून वाक्य आलं.

"दाखवेन हो. आधी बस, पाणी पी. घर कुठे पळून जात नाही."

तिचा चेहरा सैल पडला. मी तिला पाटावर बसवलं. ती नाटक करत होती की खरंच विचारत होती, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. पुढची वाक्यं मी म्हणत गेले, ती तिची म्हणत गेली, एकही न चुकवता. आणि मग माझ्या लक्षात आलं की आता शेजारीण यायला हवी. शेजारीण तर मीच. शेजारणीची वाटी माझ्याच हातात.

मी एक वाक्य लांबवलं. दुसरं पदरचं घातलं. आणि डावीकडून दिव्याची मुलगी आत आली. मुंडावळ्या काढलेल्या, शालूचा पदर कमरेला खोचलेला. सांडलेले तांदूळ चुकवत आली आणि माझ्यासारखाच हेल काढून म्हणाली, "काकू, वाटीभर साखर मिळेल का हो?" तिच्या हातात वाटी नव्हती. तिने माझ्या हातातली घेतली. सबंध हॉल हसला. नवऱ्याचं काम करणारा आत आला तो वहिनीला नवरीच्या जागी बघून जागच्या जागी थिजला, मग माझ्याकडे वळून रिक्षावाल्याचं गाऱ्हाणं सांगायला लागला. अंक तसाच शेवटपर्यंत गेला.

नंतर लोक भेटायला आले. वृद्ध स्त्रीला नवरी करायची कल्पना फार वेगळी, असं एका जाणकारांनी दिग्दर्शकाला सांगितलं. त्याने मान डोलावून ते घेतलं. घेऊ दे. जुन्यांपैकी एक-दोघांनी माझा हात नुसता दाबला. अध्यक्ष वहिनीच्या पाया पडले आणि ती त्यांना म्हणाली, नवीन दिसता, राहायला कुठे? मग त्यांनीही माझ्याकडे बघितलं, आणि लपवायचं काही उरलं नाही. शाल त्यांनी शेवटी तिच्या खांद्यावर घातलीच. घरी येताना ती शाल रिक्षातच विसरली.

त्यानंतर वहिनीने दुसरं कुठलं काम मागितलं नाही. तिचं ते एक वाक्य तेवढं घरी आलं. रोज केव्हातरी ती पॅसेजमध्ये येऊन थांबते, मला आई म्हणते आणि घर दाखवाल ना म्हणून विचारते. मी सासूचं वाक्य म्हणते. म्हटलं की ती शांत बसते, पाणी पिते. पुन्हा थोड्या वेळाने उठते. कधीकधी ते वाक्य म्हणायलासुद्धा जीभ उचलत नाही. गादीवर आडवं होऊन डोळे मिटावेत आणि कोणीतरी दुसऱ्याने उत्तर द्यावं, एवढंच मनात येतं. मंडळाच्या मीटिंगा सोडून दिल्या. नाट्यगृहात काय चाललंय ते खालून जाताना बोर्डावर वाचते.

परवा ती दिव्याची मुलगी आली. सुट्टी होती, बाटल्या भरायला आले म्हणाली. पिशवीत बाटल्या नव्हत्याच.

"काकू, मला सासू पाठ झालीय," ती म्हणाली. "शेजारीण तर त्या दिवशीच झाली. तुम्ही आत जाऊन झोपा."

मी आढेवेढे घेतले. वहिनी परक्या माणसाला घरात ठेवून घेत नाही, गोळ्यांची वेळ झालीय, दाराला कुलूप आहे. ती म्हणाली, किल्ली द्या. मी कमरेची किल्ली काढून तिला दिली आणि आत जाऊन पडले. झोप येणार नाही याची खात्री होती. बाहेर वहिनीच्या पाटल्या वाजल्या, ती पॅसेजमध्ये येऊन थांबली.

"आई, घर मोठं आहे. कुठे काय असतं ते मला दाखवाल ना?"

"दाखवेन हो," ती मुलगी म्हणाली. "आधी बस, पाणी पी. घर कुठे पळून जात नाही."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पाणी ओतल्याचा. मी कूस बदलली आणि झोपले.